पॅरिस ते बार्सिलोना गाडीने: मधे दोन रात्री कुठे थांबावं?

अर्धी_भाकरी | रविवार, दुपारी ३.१०

नमस्कार मंडळी,

आम्ही नेदरलँड्समध्ये आयंडहोवनला असतो. आई-बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याच गाडीने आधी पॅरिस आणि मग बार्सिलोना असं ठरलंय. पॅरिसचं बुकिंग झालं, बार्सिलोनाला नवऱ्याचा मित्र आहे. घोडं अडलंय ते मधल्या हजारेक किलोमीटरवर.

गाडीत पाच जण. आम्ही दोघं, बाबा (७१, पीडब्ल्यूडीतून निवृत्त, चालायला खणखणीत), आई (६६, गुडघे कुरकुरतात, शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही) आणि चार वर्षांची लेक, जी दर वीस मिनिटांनी 'आलं का?' विचारते. मधे दोन रात्री हाताशी आहेत. शहर नको, दोन्ही टोकांना शहरंच आहेत. खेड्यात, डोंगरात, नदीकाठी कुठेही चालेल. सकाळी खिडकी उघडल्यावर काहीतरी दिसलं पाहिजे, एवढीच अट.

नवऱ्याने नकाशावर तीन रेघा मारल्यात. पहिली लिओंवरून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून. दुसरी क्लेरमाँ-फेराँवरून खाली, तो प्रसिद्ध उंच पूल ओलांडून. तिसरी लिमोज आणि ब्रीव्हवरून, म्हणजे दोर्दोन्य नदीचा भाग, मग तुलूझ. कोणी यातलं काही केलंय का? इन्स्टावरची 'पाहायलाच हवीत अशी दहा गावं' नकोत, ती आम्हालाही दिसतात. राहून आलेल्यांनी सांगा.

दोन_चहा | रविवार, दुपारी ४.०२

पहिली रेघ खोडून टाका. पॅरिस-लिओं-मार्सेय या रस्त्याला फ्रेंच लोक 'सूर्याचा महामार्ग' म्हणतात. आमच्या वाट्याला सूर्य आला तो लिओंच्या फुर्व्हिएर बोगद्याच्या तोंडाशी, पाऊण तास, एसी बंद करून. बार्सिलोनापर्यंत पुरवायचा म्हणून आणलेला चिवडा तिथेच संपला. जूनमध्ये जुलै-ऑगस्टइतकी गर्दी नसते, पण ट्रक बारा महिने असतात.

बाकीच्या दोन रेघांबद्दल घाटमाथा सांगेल. तो तुलूझलाच असतो. हाक मारा.

घाटमाथा_३७ | रविवार, रात्री ९.४०

हाक ऐकू आली. नऊ वर्षं झाली इकडे, दोन्ही रस्ते पाठ आहेत.

माझं मत दुसऱ्या रेघेला. पॅरिसहून ऑर्लेआँ, बूर्ज, क्लेरमाँ इथपर्यंत टोलचा रस्ता, सपाट आणि कंटाळवाणा. शेतं, शेतं आणि शेतं. क्लेरमाँनंतर ए-७५ सुरू होतो आणि मग खरी मजा. साधारण ३४० किलोमीटरचा हा महामार्ग, पुलाचा टोल सोडला तर फुकट आहे. फुकट म्हणजे खड्डे असं समजू नका, रस्ता उत्तम आहे. तो ११०० मीटरच्याही वर चढतो, म्हणजे आपल्या खंडाळ्याच्या जवळपास दुप्पट. चढ-उतार सतत, पण वळणं मोठी, त्यामुळे मागे बसणाऱ्याला मळमळत नाही.

क्लेरमाँच्या अलीकडे-पलीकडे उजव्या हाताला विझलेल्या ज्वालामुखींची ओळ दिसते. उलट्या ठेवलेल्या वाट्यांसारखे डोंगर, ऐंशीच्या घरात आहेत. त्यातला सर्वांत नावाजलेला प्वी द दोम, १४६५ मीटर. वर दात्यांच्या रुळावरची छोटी गाडी जाते, त्यामुळे आईंच्या गुडघ्यांना त्रास नाही. क्लेरमाँचं कॅथेड्रल याच लाव्हाच्या दगडाचं, काळंकुट्ट. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला चर्चपेक्षा आपल्याकडचं एखादं हेमाडपंती देऊळ आठवलं. बाबांना दगड लगेच ओळखू येईल.

पुढे सॅं-फ्लूरनंतर गाराबीचा लाल लोखंडी रेल्वेपूल. हा आयफेलच्या कंपनीचा, १८८४ मध्ये पूर्ण झालेला, म्हणजे पॅरिसच्या टॉवरच्या पाच वर्षं आधीचा. महामार्गालगतच्या विश्रांतीथांब्यावरून सुरेख दिसतो. चहाचा थर्मास तिथे उघडा.

आणि मग मियो, तुमचा तो उंच पूल इथलाच. स्पेलिंग बघून सगळे 'मिल्लाऊ' म्हणतात, इकडे म्हणतात मियो. मुक्काम तिथे करा, दोन्ही रात्री तिथेच. आज इथे उद्या तिथे करू नका. एका रात्रीला मुक्काम म्हणत नाहीत, बॅगा उतरवण्या-चढवण्याचा व्यायाम म्हणतात.

अंतरं: पॅरिस-मियो सुमारे ६४० किलोमीटर. नकाशा साडेसहा तास सांगेल, तुम्ही नऊ धरा. मियो-बार्सिलोना चारशेच्या आत. मोठा टप्पा पहिल्या दिवशी संपतो हा आणखी एक फायदा.

मोगरा_मंडई | रविवार, रात्री १०.१५

घाटमाथा, पूल-पूल करून तिसऱ्या रेघेवर अन्याय करू नका. मी लिमोजला दोन वर्षं काढलीत.

दोर्दोन्य म्हणजे ऐन चित्रातलं फ्रान्स. मधाच्या रंगाच्या दगडांची घरं, नदीवर झुकलेले कडे, दर वळणावर एक किल्ला. ला रोक-गाजाक गावात सपाट बुडाच्या जुन्या होड्यांतून फेरी मारता येते. सार्लाचा शनिवारचा बाजार. मोंतिन्याकला लास्कोची गुहाचित्रं. मूळ गुहा १९४० मध्ये चार पोरांना सापडली आणि माणसांच्या श्वासाने चित्रं खराब होऊ लागली म्हणून १९६३ मध्ये बंद झाली. आता २०१६ पासूनची जी हुबेहूब प्रतिकृती आहे ती बघायची. प्रतिकृती म्हणून नाक मुरडू नका, मी दोनदा बघितली. शिवाय ए-२० हा रस्ताही व्हिएरझाँपासून ब्रीव्हपर्यंत फुकटच आहे.

मात्र प्रामाणिकपणे दोन गोष्टी सांगते. रोकामादूर हे कड्याला चिकटलेलं तीर्थक्षेत्र, जिना २१६ पायऱ्यांचा. लिफ्ट आहे, पण गावात फिरायचं तर चढउतार चुकत नाही. दुसरी गोष्ट जेवण. तो सगळा भाग बदकाचा. भाजीत बदक, कोशिंबिरीत बदक, बटाटे तळायलाही बदकाची चरबी. आई अंडंही खात नसतील तर दोन दिवस ब्रेड आणि अक्रोड.

अर्धी_भाकरी | रविवार, रात्री १०.५०

बटाटे बदकाच्या चरबीत! आईला हे वाचून दाखवलं. तिने तिसरी रेघ स्वतःच्या हाताने खोडली. :ड

बाबा मात्र 'पूल' शब्दावर खुर्चीतून पुढे सरकलेत.

कंदील | सोमवार, सकाळी ७.३०

मला यातलं काही कळत नाही, पण विचारतो. लाखभर रुपयांचं पेट्रोल जाळून माणसं फ्रान्सला जाणार आणि बघणार काय, तर पूल? पूल इथे नाहीत? एक पूल आणि दोन ज्वालामुखी बघायला व्हिसा कशाला लागतो? त्यापेक्षा एखाद्या खेड्यात शांत बसावं, माणसं बघावीत.

घाटमाथा_३७ | सोमवार, दुपारी १.०५

कंदील काका, मुद्दा मान्य. पण हा पूल एकदा ऐकून घ्या.

तार्न नदीची दरी इतकी खोल आहे की २००४ पर्यंत सगळी वाहतूक दरीत उतरून मियो गावातून पुन्हा वर चढायची. उन्हाळ्यात तिथे तासन्तास कोंडी व्हायची. मग डिसेंबर २००४ मध्ये हा पूल सुरू झाला. लांबी २४६० मीटर, सात खांब. सगळ्यांत उंच खांबाचं वरचं टोक दरीच्या तळापासून ३४३ मीटरवर, म्हणजे आयफेल टॉवरपेक्षा उंच. अभियंता मिशेल विर्लोज्यो आणि वास्तुरचनाकार नॉर्मन फॉस्टर. बाबांना यातली खरी गंमत कळेल ती अशी, की वरचा पोलादी रस्ता क्रेनने उचलून ठेवलेला नाही. दोन्ही बाजूंच्या डोंगरांवर तो जोडत गेले, जॅक लावून थोडा थोडा दरीवर सरकवत आणला आणि २००४ च्या मे महिन्यात मधोमध भेटवला.

पुलावर वेगमर्यादा ११०, कारण लोक फोटो काढायला गाडी हळू करायचे. तुम्ही पुलावर फोटो काढू नका. उत्तरेच्या टोकाला विश्रांतीथांबा आहे, तिथून थोडं चढून गेलं की पूल समोर. पण खरा पूल खालून बघायचा. मियोपासून तार्नच्या काठाने पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवर पेर नावाचं गाव आहे. फ्रान्समधल्या 'सर्वांत सुंदर गावां'च्या यादीतलं. कड्याच्या पोटात कोरून बांधलेली घरं, जुनं चर्चही अर्धं खडकात. गावातून मान वळवली की दरीवर आडवी मारलेली ती पांढरी रेघ. राहायला तिथेच कुठेतरी बघा.

इंजिनाचा_कान | सोमवार, संध्याकाळी ६.२०

पूल झाला, आता गाडीचं बोलू. कोणीच बोलत नाही म्हणून:

पंपावर 'गाझोल' लिहिलेलं असतं ते डिझेल. 'गॅस'सारखं वाचून पेट्रोल समजणारे मी स्वतः बघितलेत, त्यातला एक आरशात होता. पेट्रोलला एसपी-९५ ई-१० किंवा एसपी-९८. महामार्गावरचा पंप महाग असतो, उतरून पहिल्या सुपरमार्केटच्या पंपावर भरा. तिथे रात्री-रविवारी माणूस नसतो, कार्डावर चालतो आणि आधी शंभर-दीडशे युरो अडकवून ठेवतो. कार्डात तेवढी जागा हवी.

महामार्गावर १३०, पाऊस असेल तर ११०. साध्या दुपदरी रस्त्यांवर २०१८ पासून ८०. काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर पुन्हा ९० केलंय, पाटी बघा. खेड्यात शिरल्यावर पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती बोळातून येणारी म्हातारीची मोटार का असेना. कॅमेऱ्याने टिपलं तर दंडाचं पत्र नेदरलँड्सच्या पत्त्यावर व्यवस्थित पोचतं.

रविवारी निघता आलं तर निघा. शनिवारी रात्री १० ते रविवारी रात्री १० मोठ्या ट्रकांना बंदी असते. रस्ता तुमचाच.

मोगरा_मंडई | सोमवार, रात्री ९.००

आता जेवण, कारण तिथेच सहली बिघडतात.

ए-७५ च्या मधल्या टप्प्याला पश्चिमेकडे ओब्राकचं पठार आहे. तिथला पदार्थ अलिगो. उकडून घोटलेला बटाटा, ताजं मऊ चीज, लोणी, साय, लसूण. लाकडी पळीने इतका घोटतात की पळी उचलली की हातभर तार निघते. लेकीला तमाशा म्हणूनही आवडेल. सोबत सॉसेज देतात, ते नको म्हणून सांगा. त्याचा भाऊ त्रुफाद, त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, तो टाळा.

नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणू नका, ट्यूना येतो. 'साँ व्हियांद, साँ प्वासाँ, साँ लार्दों, साँ ज्योफ' असं म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नकोत, ते गुलाबी तुकडे नकोत, अंडं नको. कागदावर लिहून न्या आणि कागदच पुढे करा.

दुपारचं स्वयंपाकघर १२ ते २. दोनला पाच मिनिटं असताना गेलात तर चेहरे बघावे लागतात. रात्री साडेसातच्या आधी काही नाही. रविवारी रात्री आणि सोमवारी खेड्यात बहुतेक सगळं बंद.

कंदील | सोमवार, रात्री ९.३५

आणि चीजचं काय? दूध फाडायला वासराच्या पोटातला अर्क घालतात. त्याला शाकाहारी म्हणायचं का?

मोगरा_मंडई | सोमवार, रात्री ९.४८

काका, बरोबर आहे. पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये बहुतेक तोच असतो. वेष्टनावर 'प्रेझ्यूर' लिहिलेलं असतं. ज्यांना चालत नाही त्यांनी अलिगोही खाऊ नये. हा निर्णय आईंचा, आपला नाही.

अर्धी_भाकरी | सोमवार, रात्री १०.३०

आईला विचारलं. ती म्हणाली, 'पिझ्झा खाताना कुणी विचारलं नव्हतं, आता कशाला विचारता?' म्हणजे चालतं.

मियो नक्की. रविवारी निघतोय. दुसऱ्या दिवशी काय बघायचं तेवढं सांगा. पूल खालून-वरून धरला तरी दिवस उरतोच.

घाटमाथा_३७ | मंगळवार, दुपारी १२.५०

तीन गोष्टी आहेत. एकच निवडा, फार तर दीड.

तार्नची घळ: मियोपासून वर लरोझिए, मग ला मालेन. दोन्ही बाजूंना चारशे-पाचशे मीटरचे कडे, रस्ता नदीला चिकटून, काही ठिकाणी खडकातून कोरलेला. ला मालेनला नावाडी सपाट होडीतून आठेक किलोमीटर खाली नेतात आणि गाडीने परत आणून सोडतात. तासाभराचं काम. होडीत चढायला पाय उचलावा लागतो, पण पायऱ्या नाहीत.

झोंतची घळ: लरोझिएजवळच झोंत नदी तार्नला मिळते. इथे गिधाडं आहेत. मागच्या शतकात पूर्ण नाहीशी झाली होती, १९८१ पासून पुन्हा सोडली आणि आता कड्यांवर शेकड्यांनी घरटी आहेत. अडीच मीटर पंखांचा पक्षी डोक्यावरून गेला की लेक 'आलं का' विचारायची विसरेल. मेंढपाळांना मेलेलं जनावर गिधाडांसाठी ठेवण्याची रीतसर सोय करून दिली, म्हणून हे जमलं. (अवांतर: आपल्याकडे गुरांना देतात त्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने ती संपवली, २००६ च्या बंदीपर्यंत फार उशीर झाला होता. म्हसळ्याच्या चिरगावला लोकांनी जपली ती पाहिलीत का कोणी?)

रोकफोर: मियोपासून पंचवीसेक किलोमीटर. मेंढीच्या दुधाचं निळ्या बुरशीचं चीज. डोंगर खचून झालेल्या गुहांमध्ये फटी आहेत, त्यातून वर्षभर गार दमट वारा खेळतो, त्यातच ते मुरतं. आत दहाएक अंश तापमान. आईंना शाल. मुख्य म्हणजे दूध चीजसाठी हवं म्हणून कोकरं लवकर विकली जातात, त्यांच्या मऊ कातड्यांमुळे मियोत हातमोज्यांचा धंदा उभा राहिला. एकाच मेंढीवर दोन गावं जगली.

कंदील | मंगळवार, दुपारी ४.१५

मियो, रोकफोर... नावं वाचून काहीतरी डोक्यात वाजत होतं. जुनी टिपणं काढली. आता पूल बघणाऱ्यांना थोडं दुसरंही सांगतो.

मियोच्या दक्षिणेला लार्झाक नावाचं पठार आहे. १९७१ मध्ये फ्रेंच सरकारने तिथली लष्करी छावणी कितीतरी पट वाढवायचं जाहीर केलं. मेंढपाळांच्या जमिनी जाणार. १०३ शेतकऱ्यांनी एकत्र शपथ घेतली की जमीन विकणार नाही. १९७२ मध्ये त्यांनी साठ मेंढ्या पॅरिसला नेऊन थेट आयफेल टॉवरखाली चरायला सोडल्या. दहा वर्षं लढले, एकही गोळी न झाडता. १९८१ मध्ये मितराँ अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि योजना रद्द झाली.

आता आमच्या वर्ध्याचा संबंध. हे आंदोलन अहिंसक राहिलं त्यात लांझा देल वास्तो या माणसाचा मोठा हात. इटलीत जन्मलेला. १९३७ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींजवळ राहिला, सूत कातायला शिकला. गांधीजींनी त्याचं नाव ठेवलं शांतिदास. परत जाऊन त्याने फ्रान्समध्ये आश्रमासारखी वस्ती काढली, हातमाग, शेती, सगळं वर्ध्याच्या धर्तीवर. ती पुढे लोदेवच्या वरच्या डोंगरात गेली. १९७२ मध्ये तो लार्झाकवर ला काव्हालरी गावात पंधरा दिवस उपोषणाला बसला आणि शेतकरी त्याच्याभोवती गोळा झाले.

ला काव्हालरी तुमच्या ए-७५ वरच आहे. मियोहून खाली निघालात की वीसेक मिनिटांत. माझे वडील वर्ध्याला शिक्षक होते, त्यांच्या तोंडून शांतिदास हे नाव लहानपणी ऐकलं होतं. तो असा पुलाच्या पलीकडे भेटेल असं वाटलं नव्हतं.

दोन_चहा | मंगळवार, दुपारी ४.४०

काका, दंडवत. पूल बघायला व्हिसा कशाला म्हणणारे तुम्हीच ना?

घाटमाथा_३७ | मंगळवार, संध्याकाळी ७.१०

नऊ वर्षांत शंभर वेळा त्या गावावरून गेलो असेन. पाटी वाचली, कॉफी प्यायलो, पुढे गेलो. हे माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

---

अर्धी_भाकरी | बुधवार (तीन आठवड्यांनी), रात्री ११.००

धागा वर काढतेय. जाऊन आलो.

रविवारी सकाळी साडेसहाला पॅरिसच्या बाहेर पडलो. ट्रक नाहीत, रस्ता मोकळा, इंजिनाचा_कान यांना शंभर मार्क. क्लेरमाँला काळं कॅथेड्रल बघायला आत शिरलो. बाबांनी खांबाला हात लावला, दोन बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, 'आपल्या बेसॉल्टसारखाच आहे, पण भोकं जास्त.' प्वी द दोम ढगात होता, सोडून दिला. गाराबीला थर्मास उघडला, आईने आणलेले मेथीचे ठेपले तिथे खाल्ले.

राहण्याबद्दल. घाटमाथा, रागावू नका, पण पेरमध्ये राहा हा सल्ला गुडघेवाल्यांना देऊ नका. गाव म्हणजे निव्वळ उतार. गाडी खाली लावायची आणि दगडी बोळांतून वर जायचं. जीपीएसने आम्हाला एका बोळात घातलं, तिथून नवऱ्याने दोन्ही आरसे मिटवून, मी मागे उभी राहून, पंधरा मिनिटांत गाडी उलटी काढली. वरच्या खिडकीतून एक मांजर आणि एक आजोबा बघत होते. सुदैवाने आमची खोली नदीच्या सपाट काठावरच्या एका शेतघरात होती, तळमजल्यावर. पेरला दुसऱ्या दिवशी फक्त बाबा आणि मी चढलो.

शेतघर म्हणजे 'शांब्र दोत'. अशा घरात जास्तीत जास्त पाच खोल्या भाड्याने देता येतात आणि नाश्ता त्यातच असतो. रविवारी रात्री सगळं बंद असणार हे मोगराने सांगितलं होतं, म्हणून बाईंना आधीच कळवून जेवण सांगितलं होतं. मसुराचं सूप, बटाटा-दुधी कोंबडीसारखा दिसेल इतका भाजलेला, कोशिंबीर, ब्रेड. आई दोनदा सूप मागून घेऊन जेवली. दगा झाला तो सोमवारी दुपारी, रस्त्याकडेच्या एका हॉटेलात. कागद दाखवला, वेटर 'वी वी' म्हणाला आणि सॅलडवर ते गुलाबी तुकडे आलेच. परत पाठवलं तर वरून तुकडे वेचून तेच सॅलड परत आणलं. आईने ताट माझ्याकडे सरकवलं आणि पर्समधून लाडू काढला. अलिगो मात्र संध्याकाळी मिळाला. तार निघाली, लेकीने टाळ्या वाजवल्या, आईने लसूण कमी आहे असं मत दिलं.

बाईंना इंग्रजी येत नव्हतं. आईने रात्री हवा यावी म्हणून खिडकीच्या बाहेरच्या लाकडी झडपा उघड्या ठेवल्या. सकाळी दहाला बाई आल्या, हाताने ऊन दाखवलं, झडपा ओढून घेतल्या आणि खोली काळोखी करून गेल्या. आई आधी चिडली. दुपारी चारला बाहेरून आलो तर खोली गार. 'वाड्यात आत्या असंच करायची,' म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी बाईंच्या आधी उठून तिने झडपा ओढल्या.

पूल. पहिल्या संध्याकाळी ऊन नऊपर्यंत होतं, पूल नुसता पांढरा आणि लांब दिसला. बाबा म्हणाले, 'छान आहे.' एवढंच. मला जरा वाईट वाटलं, इतक्या लांब आणलं आणि छान आहे! सोमवारी पहाटे साडेपाचला त्यांनीच मला उठवलं. दरी धुक्याने भरली होती. खांब बुडालेले आणि रस्ता तेवढा वर तरंगत होता, त्यावरून एक ट्रक दिवे लावून चाललेला. आवाज काही नाही. बाबा अंगणात स्वेटर घालून उभे होते. धुकं जसं खाली बसत गेलं तसे खांब एकेक करून उघडे पडले आणि ते मोजत होते. सात झाले तेव्हा म्हणाले, 'जॅक लावून सरकवलाय, कळतंय का? मधे मिलिमीटरचा फरक पडला असता तर?' नाश्त्याला कॉफी गार झाली तरी ते हेच समजावत होते, बाईंना, मराठीतून, टेबलावर दोन चमचे एकमेकांकडे सरकवत. बाई मान डोलवत होत्या.

होडी आईने नाकारली. गिधाडं काठावरूनच बघितली, चौदा मोजली. रोकफोरला शाल लागली.

मंगळवारी निघताना ला काव्हालरीला थांबलो. कंदील काका, गाव साधं आहे, जुनी तटबंदी, चौकात कॉफी. शांतिदासांची पाटी शोधली, आम्हाला दिसली नाही. आई बाकावर बसली आणि बाबांनी तुमचा प्रतिसाद मोबाइलवरून तिला मोठ्याने वाचून दाखवला. शेजारच्या टेबलावरचा एक म्हातारा 'गांधी' एवढा शब्द ऐकून वळला. त्याने काहीतरी विचारलं, आम्हाला कळलं नाही. मग त्याने आमच्या रस्त्याच्या पलीकडे, पठाराकडे हात केला आणि पुन्हा म्हणाला, 'गांधी.'

कंदील | गुरुवार, सकाळी ६.५०

वाचलं. बाबांना नमस्कार सांगा. त्यांचा फोन नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवा, जमलं तर बोलेन.

मोगरा_मंडई | गुरुवार, सकाळी ९.२०

फोटो कुठे आहेत?? धुक्यातला तरी टाका.

नवा_पांथस्थ | गुरुवार, दुपारी २.३०

सुंदर धागा. आम्ही हाच रस्ता नोव्हेंबरच्या शेवटी करणार आहोत. हिवाळी टायर लागतात का? गाडी बेल्जियमची आहे, साधे टायर आहेत.

इंजिनाचा_कान | गुरुवार, दुपारी ३.०५

लागतात. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च डोंगराळ भागांत हिवाळी टायर किंवा डिकीत साखळ्या हव्यात, हा नियम २०२१ पासून आहे. 'सर्व ऋतूंचे' टायर असतील तर त्यावर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह आहे का बघा, टायरवर नुसतं 'एम+एस' लिहिलेलं असेल तर ते आता चालत नाही. हद्द सुरू होते तिथे रस्त्यावर पाटी असते. साखळ्या नेल्यात तर घरी एकदा चढवून बघा, ११०० मीटरवर वाऱ्यात माहितीपत्रक वाचवत नाही.